गिऱ्हाईक अर्ध्या तासात जाते, वेटर दिवसभर तिथेच असतो

उत्तर नागपुरात आम्ही ज्या वस्तीत काम करतो, तिच्या चौकात एक छोटे हॉटेल आहे. सकाळी तर्री-पोहे आणि चहा, दुपारनंतर साधे जेवण. दाटीवाटीने बसली तर चोवीस माणसे मावतील. या हॉटेलात आता टेबलावर राखदाणी नाही. दारावर धूम्रपानबंदीची पाटी आहे आणि तक्रार कोणाकडे करायची, तर त्या जागी मालकाने स्वतःचेच नाव लिहिले आहे.

कामाची जागा धूरमुक्त असावी हे सांगत आम्ही वस्तीतल्या दुकानांत आणि हॉटेलांत फिरलो, तेव्हा बहुतेकांनी मान डोलावली आणि विषय बदलला. या मालकाने मात्र आमचे ऐकून भटारखान्याकडे बोट दाखवले. गिऱ्हाईक अर्ध्या घंट्यात निघून जाते, पण माझी माणसे दिवसभर याच धुरात राहतात, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या मते हाच या प्रश्नाचा गाभा आहे. धूम्रपानबंदीकडे आपण गिऱ्हाइकाच्या सवयीचा प्रश्न म्हणून पाहतो. खरे तर तो कामगाराच्या हक्काचा प्रश्न आहे.

धूर कोणाच्या छातीत जातो?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात बंदिस्त जागेत काम करणाऱ्या दर दहा प्रौढांपैकी तिघांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर सहन करावा लागतो. अशा धुरामुळे स्वतः कधीही न ओढणाऱ्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात हे आकडे आहेत. या धुराचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही आणि पंखा लावून किंवा खिडकी उघडून धोका संपत नाही, हेही त्याच अहवालात स्पष्ट सांगितले आहे.

कॅनडातील ओटावा शहरातल्या हेदर क्रो यांनी चाळीस वर्षे वेटर म्हणून काम केले. त्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही. २००२ मध्ये त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. कामाच्या जागेवरील धुरामुळे हा आजार झाला, हे मान्य होऊन त्यांना कामगार भरपाई मिळाली. उरलेली वर्षे त्या धूरमुक्त कामाच्या जागेसाठी बोलत राहिल्या. मे २००६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्या ओंटारिओ प्रांतात कामाच्या बंदिस्त जागा धूरमुक्त करणारा कायदा लागू झाला.

धूर थांबला की फरकही लवकर दिसतो. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील बारमध्ये धूम्रपानबंदी आली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतील ५३ बारटेंडरांची बंदीपूर्वी आणि बंदीनंतर तपासणी झाली. आधी खोकला, धाप यांसारखा त्रास असलेल्या ३९ जणांपैकी २३ जणांचा त्रास काही आठवड्यांतच गेला होता.

आपला कायदा काय सांगतो?

मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान रोखण्याचे आदेश दिले. त्यानंतर २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, म्हणजे कोटपा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी हॉटेल, कँटीन, कार्यालय आणि कामाच्या इतर जागा स्पष्टपणे बंदीखाली आणल्या.

वाचकांनी यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, धूम्रपान करणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होतो. दुसरी, प्रवेशद्वारावर पाटी लावणे आणि तक्रार घेणाऱ्याचे नाव त्यावर लिहिणे ही मालकाची किंवा व्यवस्थापकाची जबाबदारी आहे. तिसरी, तिथे राखदाणी, काडीपेटी, लायटर ठेवता येत नाही. चौथी, तक्रारीकडे दुर्लक्ष झाले तर जितके गुन्हे घडले तितका दंड जबाबदार व्यक्तीला भरावा लागतो.

कायद्यात एक फटही आहे. तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह, तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते. ती चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंतींची, आपोआप बंद होणाऱ्या दाराची आणि हवा थेट बाहेर सोडणारी असावी लागते. २०१७ च्या दुरुस्तीने त्या खोलीत कोणतीही सेवा देण्यास मनाई केली. तरीही ती खोली झाडायला शेवटी कामगारालाच आत जावे लागते. म्हणून ही सवलतच काढून टाकावी, अशी आमची मागणी आहे. चोवीस आसनांच्या हॉटेलाला जे जमते, ते मोठ्यांना न जमण्याचे कारण नाही.

मालक पुढे येणे का महत्त्वाचे?

वेटर गिऱ्हाइकाला सिगारेट विझवायला सांगू शकत नाही. त्याची नोकरी तोंडी बोलीवर असते आणि गिऱ्हाईक तापले तर माफी त्यालाच मागावी लागते. तेच वाक्य गल्ल्यावरून मालकाने उच्चारले की वाद तिथेच संपतो.

मालकांना गिऱ्हाईक तुटण्याची भीती वाटते. आमच्या चौकातल्या हॉटेलातूनही एक जुने गिऱ्हाईक रागावून उठून गेले, ते नंतर फिरकले नाही. ते मालकाला लागले, हे आम्ही लपवत नाही. पण त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आहेत, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. उरलेल्या शहाण्णव जणांचा विचार आपण गिऱ्हाईक म्हणून करतच नाही. लेकरांना घेऊन येणारी बाई धूर पाहून दारातूनच परत जाते, तिचा हिशेब कोणत्याच गल्ल्यात दिसत नाही.

विडी कामगारांचे काय?

आमच्या बैठकीत हा प्रश्न आला आणि तो रास्त आहे. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे बाबू हरदास एल. एन. कामठीचे. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले. आजही आपल्या अनेक माता-भगिनी विड्या वळून घर चालवतात. पण बंदिस्त जागेत धूर नको, ही मागणी त्यांच्याविरुद्ध नाही. तंबाखूची धूळ दिवसभर त्यांच्याही श्वासात जाते. त्यांना पर्यायी रोजगार मिळावा आणि हॉटेल कामगाराला स्वच्छ हवा मिळावी, या दोन्ही मागण्या एकाच हाताने लिहायच्या आहेत.

१९४२ ते १९४६ या काळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास आणि कामगारांचे कल्याण यांना कायद्याच्या चर्चेत आणले. मजुरी देणारा माणूस कामगाराचे काम विकत घेतो, त्याचे आयुष्य नव्हे, हा विचार आपल्याला नवा नाही.

आपण काय करू शकतो?

आपल्या चौकातल्या हॉटेलात बसताना दारावर पाटी आहे का, ते पाहा. नसेल तर वेटरशी न बोलता मालकाशी बोला. जो मालक पुढाकार घेईल, त्याच्याकडे आवर्जून जा. विहार समित्यांनी आपल्या कार्यक्रमाच्या मंडपात आणि स्वयंपाकाच्या जागी हाच नियम पाळावा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना रागावू नका. त्यांना १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत मदत क्रमांक द्या. खर्रा खाणाऱ्यांनाही तो उपयोगी आहे.

आमच्या चौकातल्या त्या मालकाला आम्ही सत्कार करू म्हटले, तर तो नको म्हणाला. त्यापेक्षा शेजारच्या चार हॉटेलवाल्यांना घेऊन या, त्यांच्याशी मी बोलतो, असे त्याने सांगितले. पुढच्या रविवारी आम्ही त्यांना घेऊन जाणार आहोत.