संशयित डोंगरावर

दुपारचे बारा वाजून गेलेत आणि सिग्लुफ्योर्दुरमधल्या खिडक्यांत दिवे लागलेलेच आहेत. उजेड आहे, पण निळसर, कुठून येतोय ते कळत नाही असा. आइसलँडच्या मुख्य भूमीवरचं हे अगदी उत्तरेकडचं गाव. आर्क्टिक वृत्त इथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. सूर्य रोज उगवतो, पण नोव्हेंबरच्या मध्यापासून त्याला आजूबाजूचे डोंगर ओलांडता येत नाहीत. 28 जानेवारीला तो परत दिसायला हवा. त्या दिवशी मुलं चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून गातील, घरोघरी पॅनकेक होतील. त्याला अजून थोडे दिवस आहेत.

मला इथे आणलंय राग्नार योनासन यांच्या ‘स्न्योब्लिंडा’ या कादंबरीनं. आरी थोर नावाचा तरुण पोलीस राजधानीतून या गावात येतो. नाट्यमंडळातला एक म्हातारा लेखक जिन्यावरून पडून मरतो, एक बाई बर्फात रक्तबंबाळ सापडते आणि हिमस्खलनानं गावाचा रस्ता बंद होतो. योनासन यांनी अगाथा ख्रिस्तीच्या 14 कादंबऱ्या आइसलँडिकमध्ये आणल्यात. त्यामुळे बंद जागेत मोजके संशयित कसे कोंडायचे, हे त्यांना पक्कं ठाऊक. ख्रिस्तीला त्यासाठी बेट लागतं, नाहीतर आगगाडी. इथे ते काम नकाशाच करतो.

नकाशा म्हणजे काय, ते धक्क्यावर उभं राहिलं की दिसतं. समोर फ्योर्द, म्हणजे समुद्राची आत घुसलेली चिंचोळी जीभ, आणि बाकी सगळीकडे पांढऱ्या भिंती. 1967 साली डोंगरातून पहिला बोगदा निघाला. त्याआधी हिवाळ्यात इथे यायचं तर बोटीनंच. दुसरा रस्ता 2010 मध्ये झाला, दोन मोठे बोगदे आणि त्यांच्यामध्ये हेदिन्सफ्योर्दुर नावाची निर्मनुष्य दरी. तिथली शेवटची माणसं 1951 मध्ये निघून गेली. कादंबरीही 2010 चीच, आणि तिच्यात 2008-09 चा हिवाळा आहे. एकाच वाटेवर जगणारं हे गाव शेवटचं जसं होतं, ते पुस्तकात उतरलंय. रहस्य विसरलं तरी एवढ्यासाठी ते पुस्तक मला मोलाचं वाटतं.

धक्क्याजवळ मासे खारवायची जुनी लाकडी इमारत आहे, आता संग्रहालय झालेली. हेरिंग माशांच्या जोरावर हे गाव तीन हजारांवर गेलं होतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस हेरिंग नाहीसे झाले आणि आता उरलीत बाराशेच्या आसपास माणसं. ‘ओफाइर्द’ या गाजलेल्या गुन्हेमालिकेचं चित्रीकरणही याच रस्त्यांवर झालं. प्रत्यक्षात अख्ख्या आइसलँडमध्ये एखाद्या वर्षी एकही खून होत नाही आणि गस्तीवरच्या पोलिसाच्या कमरेला पिस्तूल नसतं. मी राहतेय त्या घराची मालकीणबाई बाहेर जाताना कुलूप लावत नाही.

पण बळी गेलेत. त्यांच्याबद्दल मला सांगतोय तो हवामान खात्यानं इथे नेमलेला बर्फाचा निरीक्षक. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा. आम्ही गावाच्या वरच्या अंगाला, सुरक्षित अशा एका छोट्या उतारावर उभे आहोत. तो हातमोज्यानं फ्योर्दच्या पलीकडचा काठ दाखवतो. 12 एप्रिल 1919 ला समोरच्या डोंगरावरून बर्फ सुटला, तेलाचा कारखाना आणि आसपासची घरं घेऊन समुद्रात गेला. तिथे नऊ माणसं गेली. उसळलेली लाट फ्योर्द ओलांडून या धक्क्यावर आदळली. त्याच दिवसांत आजूबाजूच्या वस्त्यांतली आणखी नऊ गेली.

एवढं सांगून तो खणायला लागतो.

खड्डा कमरेइतका खोल होतो. वरच्या अंगाची भिंत तो फावड्यानं तासून गुळगुळीत करतो, आणि बर्फाच्या पोटातले थर उघडे पडतात. आधी थर्मामीटर, दर दहा सेंटीमीटरवर एक नोंद. मग हात. एका थरात मूठ सहज जाते, पुढच्यात चार बोटं, त्याच्या पुढच्यात एकच बोट, आणि एका ठिकाणी फक्त पेन्सिलीचं टोक. हे सगळं तो वहीत लिहितो. मी गप्प उभी आहे. कुणाचाही जबाब इतक्या सावकाश, इतक्या बारकाईनं घेतलेला मी पाहिलेला नाही.

जमिनीलगत पोचल्यावर तो थांबतो. तिथले थोडे कण काळ्या पत्र्यावर घेऊन भिंग माझ्या हातात देतो. जाड, कोनदार, एकमेकांना न चिकटणारे दाणे. ओंजळीत घेतले की साखरेसारखे ओघळतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ होता आणि रात्री निरभ्र, कडक थंडीच्या होत्या. जमिनीची ऊब आणि वरचा गारठा यांच्यामध्ये वाफ वर सरकत राहिली आणि हे दाणे घडत गेले. त्यानंतर पडलेला सगळा बर्फ या सैल थरावर उभा आहे.

मग तो बर्फाचा एक चौकोनी खांब कापून मोकळा करतो. वर फावड्याचं पातं ठेवतो आणि थापट्या मारतो. दहा मनगटातून. काही नाही. मग कोपरातून. तिसऱ्या थापटीला खांबाचा वरचा सगळा भाग सरळ सुटून माझ्या बुटांवर येतो. माझ्या तोंडून आवाज निघतो. तो पाय बाजूला घ्यायला सांगतो आणि आकडा लिहितो.

“कादंबरीत हिमस्खलन लेखकाला हवं तेव्हा होतं,” तो म्हणतो. पुस्तक त्यानं वाचलंय. “मला वार सांगता येत नाही. कुठला थर दगा देईल एवढं सांगता येतं.”

आमच्या मागे मातीचे प्रचंड बांध आहेत, स्तोरी बोली आणि लित्ली बोली. सुटलेला बर्फ घरांवरून बाजूला वळवण्यासाठी ते उभे केलेत. 1995 मध्ये पश्चिमेकडच्या सूदाविक आणि फ्लातेरी या दोन गावांत मिळून 34 माणसं झोपेतच बर्फाखाली गेली आणि सगळा देश हादरला. त्यानंतर असे बांध ठिकठिकाणी आले. उन्हाळ्यात यांच्यावर गवत उगवतं, लोक फिरायला येतात.

परत येईपर्यंत वारा फिरलाय. दुकानात सगळ्यांच्या हातात फोन आहेत. नव्या बोगद्यांपलीकडच्या ओलाफ्सफ्योर्दुर गावाच्या पुढचा रस्ता हिमस्खलनाच्या धोक्यामुळे बंद, आणि पाठोपाठ पश्चिमेकडचाही. दोन्ही दारं लागली. कुणी घाबरलेलं दिसत नाही. पावाच्या फळीपाशी थोडी गर्दी, एवढंच. माझ्या छातीत मात्र धडधडतंय. पुस्तक वाचताना हे मला वातावरणनिर्मिती वाटलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा मुलगा पलीकडच्या गावात कामाला आहे. तो आज तिकडेच राहील, त्या मला स्वतःहून सांगतात आणि दुधाची एक पिशवी परत ठेवतात.

निरीक्षक गाडीत बसून राजधानीतल्या कार्यालयाशी बोलतोय. थरांची जाडी, दाण्यांचा आकार, थापट्यांचा आकडा, वाऱ्याची दिशा. वरच्या गल्लीतली घरं रिकामी करायची की नाही, ते तिकडे ठरेल. मी काचेबाहेर थांबते. बऱ्याच वेळानं तो काच खाली करतो.

“आज नाही. उद्या उजाडलं की पुन्हा खणायचं,” तो म्हणतो. “येणार असाल तर उंच बूट घाला. वही तुमच्याकडे देतो.”