जिनिव्हात कोण कोणाला सुनावते?

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठी वाहिन्यांच्या तळपट्टीवर एक बातमी हटकून झळकते : ‘जिनिव्हात भारताने पाकिस्तानला सुनावले.’ कधी ‘खडसावले’, कधी ‘तोंडघशी पाडले’. सोबत एखाद्या तरुण अधिकाऱ्याची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत असते आणि संध्याकाळपर्यंत ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचते. ती पाहणाऱ्याला वाटते, जगभरचे मंत्री कान टवकारून ऐकत होते आणि समोरचा मंत्री मान खाली घालून बसला होता.

प्रत्यक्षात होते ते असे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेची वर्षातून किमान तीन अधिवेशने होतात. त्यातल्या फेब्रुवारी-मार्चच्या अधिवेशनाचे पहिले काही दिवस बड्या पाहुण्यांसाठी राखलेले असतात. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री रांगेने येतात, सहा-सात मिनिटे लिहून आणलेले भाषण वाचतात आणि पुढच्या भेटीला निघून जातात. भाषणात कुणी दुसऱ्या देशाचे नाव घेतले, तर त्या देशाला उत्तर देण्याचा अधिकार असतो. मात्र ते उत्तर तिथल्या तिथे देता येत नाही, दिवसाच्या कामकाजाच्या शेवटी द्यावे लागते. पहिल्या वेळी तीन मिनिटे, दुसऱ्या वेळी दोन, की संपले. तोवर मंत्र्यांच्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. बोलणारा बहुधा प्रथम किंवा द्वितीय सचिव दर्जाचा अधिकारी असतो आणि ऐकणारा समोरच्या देशाचा तसाच एक अधिकारी. त्यालाही आपली तीन मिनिटे मिळतात. त्याची चित्रफीत त्याच्या देशात फिरते, आपली आपल्याकडे. ‘सुनावणे’ खोटे नसते, पण ते घरच्या प्रेक्षकांसाठी असते.

ही बैठक भरते ती पॅले दे नासिओंमधल्या विसाव्या क्रमांकाच्या दालनात. त्याच्या घुमटाला स्पॅनिश चित्रकार मिकेल बार्सेलो यांनी गुहेतल्या लवणस्तंभांसारखे लोंबणारे रंगीत छत केले आहे. २००८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा खर्चाचा आकडा दोन कोटी युरोंच्या घरात होता. त्यातले काही पैसे विकास-मदतीच्या निधीतून गेल्याचे कळल्यावर स्पेनमध्ये बराच गदारोळ झाला. मानवी हक्कांच्या सभागृहासाठी गरीब देशांच्या मदतीतून छत, हा विनोद कुणाला मुद्दाम सुचला नसता.

मग खरे काम कुठे होते?

मार्च १९९४ मधली एक हकीकत पाहा. तेव्हा परिषद नव्हती, तिचा पूर्वावतार असलेला मानवी हक्क आयोग होता. काश्मीरमधल्या परिस्थितीवरून पाकिस्तानने भारताविरुद्ध ठराव आणला होता आणि इस्लामी देशांच्या संघटनेची मते आपल्या पदरात आहेत असे त्याने गृहीत धरले होते. पंतप्रधान नरसिंह राव यांनी जिनिव्हाला जे शिष्टमंडळ पाठवले त्याचे नेतृत्व लोकसभेतले विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे होते. सोबत परराष्ट्र राज्यमंत्री सलमान खुर्शीद आणि फारूक अब्दुल्ला. या शिष्टमंडळाचा फोटो आपल्याला पाठ आहे आणि त्यावर दर काही वर्षांनी एक लेख येतोच.

पण बाजी फिरली ती जिनिव्हाबाहेर. परराष्ट्रमंत्री दिनेशसिंह आजारी होते. त्या अवस्थेतही रावांनी त्यांना आपले पत्र देऊन तेहरानला धाडले. इस्लामी देशांच्या गोटातून इराण बाजूला झाला, तर पाकिस्तानचे गणित कोलमडणार होते. इराण आणि चीनने पाकिस्तानची समजूत घातली आणि ९ मार्चला त्याने मतदानाआधीच ठराव मागे घेतला. सभागृहात हात वर करण्याची वेळच आली नाही. उच्चस्तरीय बैठकांमध्ये हे असेच चालते : मते राजधान्यांमध्ये ठरतात, मसुद्याचे शब्द बंद खोल्यांमध्ये ठरतात आणि सभागृहात त्यावर शिक्का बसतो.

या कथेचा दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. त्याआधी काहीच महिने, ऑक्टोबर १९९३ मध्ये, भारताने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन केला होता. ‘आमच्या तक्रारी पाहायला आमच्याकडे यंत्रणा आहे’ असे जगाला सांगता यावे, हे त्यामागचे एक कारण होते असे अनेक अभ्यासक मानतात. बाहेरचा दबाव आपल्याला आवडत नाही. पण आज आपल्याकडचा नागरिक ज्या आयोगाकडे अर्ज करतो, त्याच्या जन्मात त्या दबावाचाही वाटा आहे.

‘हे आंतरराष्ट्रीय कोर्ट आहे’

नाही. परिषदेत न्यायाधीश नसतात, सरकारे असतात. एकूण ४७ सदस्य : आफ्रिकेचे १३, आशिया-प्रशांतचे १३, लॅटिन अमेरिका व कॅरिबियनचे ८, पश्चिम युरोप व इतरांचे ७, पूर्व युरोपचे ६. आमसभा त्यांना गुप्त मतदानाने तीन वर्षांसाठी निवडते आणि सलग दोनपेक्षा जास्त मुदती मिळत नाहीत. मानवी हक्क उच्चायुक्त हे पद वेगळे, ते १९९३ मध्ये निर्माण झाले. करारांवर देखरेख ठेवणाऱ्या तज्ज्ञ समित्या आणखी वेगळ्या. हेगचे न्यायालय तर शहरानेच वेगळे. ‘संयुक्त राष्ट्रांनी भारताला फटकारले’ असे वाचले की यांपैकी नेमके कोण बोलले ते आधी पाहावे. एकट्या स्वतंत्र तज्ज्ञाचे मत आणि ४७ देशांचा ठराव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. (निर्वासितांची संस्थाही जिनिव्हातच आहे आणि तिची इंग्रजी आद्याक्षरे जवळपास तीच. भल्या भल्या वृत्तपत्रांत दोघींची अदलाबदल होते.)

‘हुकूमशहांचा अड्डा’

हा आरोप निम्मा खरा आहे, म्हणूनच टिकाऊ आहे. जुना आयोग बदनाम होऊन बंद पडला तो याच कारणाने. १५ मार्च २००६ रोजी आमसभेने १७० विरुद्ध ४ मतांनी नवी परिषद स्थापली. विरोध करणाऱ्या चौघांत अमेरिका आणि इस्रायल होते. नव्या परिषदेत सदस्याला निलंबित करण्याची सोय ठेवली. ती दोनदा वापरली गेली : २०११ मध्ये गद्दाफींच्या लिबियावर आणि एप्रिल २०२२ मध्ये रशियावर. रशियाच्या वेळी ९३ देश बाजूने, २४ विरोधात आणि ५८ तटस्थ. भारत तटस्थांमध्ये.

निवडणूकही अगदीच लुटुपुटूची नसते. २०२० मध्ये सौदी अरेबिया हरला, २०२३ मध्ये परत येऊ पाहणारा रशिया हरला. मात्र दोन्ही वेळा गटातल्या जागांपेक्षा उमेदवार जास्त होते. एरवी प्रादेशिक गट आपसांत ठरवून जागा तितकेच उमेदवार देतात आणि मग निवडून येणे म्हणजे औपचारिकता. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत २०२६ ते २०२८ या मुदतीसाठी निवडून आला तो असाच, बिनविरोध. तेव्हा त्या निवडीला आपल्या मानवी हक्कांच्या कामगिरीचे प्रमाणपत्र मानणाऱ्यांनी जरा बेताने घ्यावे.

आणि निम्मा खरा कसा, तेही सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनच्या शिनजियांगमधल्या उइगरांविषयी उच्चायुक्तांच्या कार्यालयाचा अहवाल परिषदेसमोर होता. मागणी निषेधाची नव्हती, चौकशीचीही नव्हती. फक्त चर्चा घ्या, एवढीच होती. १७ बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. चर्चासुद्धा झाली नाही. भारत पुन्हा तटस्थ. त्याआधी २०१४ मध्ये तर शांत उभे राहण्यावरून वाद झाला. जिनिव्हाला निघालेल्या चिनी कार्यकर्त्या साओ शुनली यांना २०१३ मध्ये बीजिंगच्या विमानतळावर अडवून ताब्यात घेण्यात आले होते. कोठडीत प्रकृती ढासळली आणि मार्च २०१४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. स्वयंसेवी संस्थांनी आपल्या बोलण्याच्या वेळेत त्यांच्यासाठी मिनिटभर शांतता मागितली, तर चीनने नियमाचा मुद्दा काढला. ‘बोलण्याच्या वेळेत गप्प राहता येते का’ यावर सरकारांचे प्रतिनिधी बराच वेळ वाद घालत राहिले आणि शेवटी परवानगी नाकारली गेली.

‘ठराव म्हणजे रद्दी’

परिषदेचे ठराव कुणावर बंधनकारक नसतात, हे खरे. तिच्याकडे सैन्य नाही आणि निर्बंध लादण्याचा अधिकारही नाही. तो सुरक्षा परिषदेचा. पण त्यावरून ठराव निरुपयोगी ठरवणे ही घाई होईल.

मार्च २०१७ मध्ये परिषदेने म्यानमारसाठी सत्यशोधन पथक नेमले. इंडोनेशियाचे मार्झुकी दारुस्मान त्याचे अध्यक्ष. चीनप्रमाणे भारतानेही त्या ठरावापासून स्वतःला वेगळे ठेवले होते. म्यानमारने पथकाला देशात पाऊल टाकू दिले नाही. ऑगस्टमध्ये रोहिंग्यांवर लष्करी कारवाई सुरू झाली आणि सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात गेले. पथकाने सीमेपलीकडे बसून जबाब घेतले, २०१८ च्या अहवालासाठी ८७५ मुलाखती. गावाचे नाव, तारीख, लष्कराच्या तुकडीचे वर्णन, उपग्रहाने टिपलेली जळालेली घरे. हे सगळे तेव्हा कागदच होते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबिया या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध वंशसंहाराचा दावा दाखल केला. बचावासाठी आंग सान सू ची स्वतः न्यायालयात उभ्या राहिल्या. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिला आणि त्याला आधार होता याच पथकाच्या अहवालांचा. रोहिंग्या अजून घरी गेलेले नाहीत, हेही तितकेच खरे. पण ते जबाब त्या वेळी घेतले नसते, तर न्यायालयापुढे ठेवायला काय होते?

‘आमच्या अंतर्गत बाबीत इतरांनी नाक खुपसू नये’

हे वाक्य दिल्लीतून येते तेव्हा इतिहासाची थोडी गंमत होते. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीनहक्कांवर गदा आणणारा कायदा केला. भारत अजून स्वतंत्र व्हायचा होता, तरीही त्याने हा प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. त्यांचे यजमान रणजित पंडित मूळचे कोकणातले आणि पुढे १९६२ ते ६४ या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपालही होत्या. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेत ज्यांचा हात होता तेच. स्मट्स यांचा युक्तिवाद : हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, सनदेच्या कलम २(७) नुसार तुम्हाला बोलता येत नाही. भारताचे म्हणणे : वंशावरून माणसांना दुय्यम लेखणे ही कोणत्याही देशाची खासगी बाब नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, ७ तटस्थ असताना, भारताचा ठराव मंजूर झाला. देशाच्या सीमेआडचा अन्याय आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मांडण्याची वाट रुळवणाऱ्यांत आपण अगदी पुढे होतो.

‘चौकशी फक्त गरीब देशांचीच’

परिषदेत राजकारण आहे, पण एका ठिकाणी सगळे एकाच पंगतीत बसतात. दर साडेचार वर्षांच्या आसपास संयुक्त राष्ट्रांच्या सर्वच्या सर्व १९३ सदस्य देशांच्या मानवी हक्कांच्या कामगिरीचा आढावा ठरलेला असतो. साडेतीन तास : ७० मिनिटे त्या देशाला, १४० मिनिटे बाकीच्यांना. इस्रायल जानेवारी २०१३ मध्ये आलाच नाही, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुकाट्याने आला.

भारताचा आढावा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. शेवटच्या वेळी १३० देश बोलले, म्हणजे एकेकाला जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात अभिनंदन, आभार आणि दोन-तीन शिफारशी उरकायच्या. एकूण शिफारशी झाल्या ३३९. आढावा होणाऱ्या देशाने शिफारस एकतर स्वीकारायची किंवा ‘नोंद घेतली’ म्हणायचे. ‘फेटाळली’ असा रकानाच नाही. सरकारी कचेरीत ‘बघतो’ ऐकलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

फेरीमागून फेरी येणारी एक शिफारस म्हणजे छळविरोधी कराराला मान्यता द्या. भारताने त्यावर ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवले आणि ते तसेच बारगळले. २०१७ च्या आढाव्यात ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी जिनिव्हात सांगितले की छळ आपल्या संस्कृतीत बसतच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधी आयोगाने २७३ वा अहवाल दिला : कराराला मान्यता द्या, हा घ्या विधेयकाचा मसुदा.

आयोगाने त्यात एक रोकडे कारणही दिले. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा नसल्याने परदेशातून आरोपी आणणे अवघड जाते. पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकल्याच्या खटल्यातला आरोपी किम डेव्ही याला भारताच्या ताब्यात द्यायला डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला, कारण कोठडीत छळ होण्याची भीती. २०२४ मध्ये पुन्हा नकार आला. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या प्रकरणात लंडनच्या न्यायाधीशांनी २०१८ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागवले आणि तेही दुपारच्या वेळचे, खिडकीतून नैसर्गिक उजेड किती येतो ते दिसेल असे. सरकारने ते करून पाठवले आणि न्यायाधीशांचे समाधान झाले. एका कोठडीचे चित्रीकरण झाले, पण विधी आयोगाच्या मसुद्यावरचे सरकारी विधेयक अद्याप संसदेत आलेले नाही.