व्यवस्थापनशास्त्राची पदवी : कोणती, केव्हा व कशासाठी?

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए आपल्या बुऱ्हाणपुरात आला, तेव्हा येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया व पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद त्याने करून ठेवली. तो व्यापार करणाऱ्यांपाशी पदवी नव्हती. घरातील वडीलमाणसांच्या हाताखाली व्यापार शिकला जाई. आज मात्र बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील अनेक घरांत ‘एम. बी. ए. करावयाचे’ हा विचार सुरू होतो. विचार योग्यच आहे. परंतु नीट न पारखता घेतलेली पदवी म्हणजे घरातील लाखो रुपयांची व मुलाच्या आयुष्यातील दोन-तीन उमेदीच्या वर्षांची हानी होय. म्हणून पालकांनी ध्यानात ठेवावयाच्या काही गोष्टी येथे मांडीत आहे.

पहिला प्रश्न, पदवी कशासाठी? ज्याला शिकून घरच्याच यंत्रमागांवर परत यावयाचे आहे, त्याला मोठ्या कंपनीतील नोकरीसाठी आखलेला महागडा अभ्यासक्रम फारसा उपयोगी नाही. हिशेब, कर, मालाची विक्री व घरच्या धंद्याची व्यवस्था शिकविणारे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत तसा एक चालतो. ज्याच्या घरी केळीची बाग आहे, त्याने कृषिव्यवसाय-व्यवस्थापनाचा विचार करावा. पुण्याची वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था आणि डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ साली आणंद येथे उभारलेली ‘इर्मा’ यांचे कार्यक्षेत्र नेमके हेच आहे. नोकरीच करावयाची असेल, तर सर्वसाधारण एम. बी. ए. योग्य.

दुसरा प्रश्न, केव्हा? याला तीन दरवाजे आहेत. बारावीनंतर बी. बी. ए. करता येते, किंवा इंदूरच्या आय. आय. एम.ने २०११ साली सुरू केलेल्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमास प्रवेशपरीक्षा देऊन बसता येते. ही संस्था इंदूर–इच्छापूर रस्त्याने आपल्यापासून काही तासांवर आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. दुसरा दरवाजा पदवीनंतरचा, दोन वर्षांचा. आय. आय. एम. संस्थांसाठी ‘कॅट’ परीक्षा असते; तिला सर्वसाधारण वर्गासाठी पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. तिसरा दरवाजा काही वर्षे काम केल्यानंतरचा. घरचा धंदा पाहत शिकू इच्छिणाऱ्यास दूरशिक्षणही आहे. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

तिसरा प्रश्न मान्यतेचा. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठास व कायद्याने तो दिलेल्या संस्थांसच असतो. इतर स्वतंत्र संस्था पदविका देतात. पदविका म्हणजे कमी दर्जाची, असे मात्र समजू नये. १९६१ साली स्थापन झालेल्या कलकत्ता व अहमदाबाद येथील आय. आय. एम. संस्थाही २०१७ चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत असत. पाहावयाचे ते एवढेच, की पदविका असल्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय, आणि पदवी असल्यास विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे काय. हे संस्थेच्या माहितीपत्रकावरून न ठरविता स्वतः यादी पाहून ठरवावे.

आपल्यासाठी एक विशेष गोष्ट. आपण घरी मराठी बोलतो, सोयरसंबंध जळगाव-भुसावळकडे. त्यामुळे मुंबई-पुणे आपलेच वाटते. परंतु आपला रहिवासी दाखला मध्य प्रदेशाचा आहे. महाराष्ट्राच्या शासकीय प्रवेशप्रक्रियेत राज्याबाहेरील उमेदवारांसाठी जागा थोड्या असतात. अर्ज करण्यापूर्वीच ही चौकशी करावी. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाचे विभागही डोळ्यांआड करू नयेत.

शेवटी पैशाचा विचार. संस्था ‘सरासरी पगार दहा लाख’ असे छापतात. समजा, पाच विद्यार्थ्यांना अनुक्रमे ३, ४, ४, ५ व ३४ लाख मिळाले, तर सरासरी दहा लाखच येते. पण मधल्या विद्यार्थ्याच्या हाती चारच लाख पडतात. म्हणून सरासरी किंवा सर्वोच्च पगार न विचारता मधला पगार विचारावा, आणि किती जणांना नोकरी लागली तेही विचारावे. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू होते, परंतु व्याज पहिल्या हप्त्यापासून चढत असते. मधल्या पगारातून हप्ता निघत नसेल, तर त्या संस्थेसाठी शेत किंवा माग गहाण टाकू नये.

आणखी एक विनंती. हा सर्व विचार मुलींसाठीही तितक्याच आस्थेने करावा. ‘तिला कशाला एवढा खर्च?’ असे म्हणून वही मिटू नये. दुकानाची वही सांभाळणाऱ्या स्त्रिया आपल्या समाजात पूर्वीपासून आहेत. त्यांच्या लेकीसुनांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले, तर घराचे व समाजाचे कल्याणच होईल.

शेजाऱ्याचा मुलगा कोठे गेला हे पाहून आपल्या मुलाची वाट ठरवू नये. कापड घेताना आपण सूत, वीण व रंग पारखून घेतो. पदवी घेतानाही तीच पारखी नजर ठेवावी, एवढेच सांगणे.