एन्डेव्हरच्या खिडकीबाहेरची गोधडी

तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. खाली ढगांनी झाकलेली पृथ्वी, आणि तिच्यावर अधांतरी लटकलेली एक काळी, वेडीवाकडी वस्तू. एका फोटोत ती चोच वासलेल्या पक्ष्यासारखी दिसते, दुसऱ्यात फाटक्या पंखासारखी. माणसाने बनवलेल्या कुठल्याच उपग्रहासारखी ती वाटत नाही. फोटो खरा आहे. डिसेंबर १९९८मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानातून अंतराळवीरांनी तो टिपला, आणि त्याच वस्तूचे आणखीही काही फोटो नासाच्या संग्रहात आहेत.

या वस्तूला जगभर ‘ब्लॅक नाइट’ म्हणतात. नाइट म्हणजे इथे रात्र नव्हे, चिलखत घातलेला सरदार. हा काळा सरदार म्हणे तेरा हजार वर्षांपासून ध्रुवीय कक्षेत, म्हणजे उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या वाटेने, पृथ्वीभोवती फिरतो आहे. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याजवळच्या बुद्धिमान जीवांनी आपल्यावर नजर ठेवायला त्याला पाठवलं, असं ही गोष्ट सांगते. ती सांगणारी माणसं मला मूर्ख वाटत नाहीत. आकाशाकडे बघून ‘तिथे कोण आहे?’ असं विचारणाऱ्याशी माझं आधीपासूनच नातं जुळतं. म्हणूनच या गोष्टीचा एकेक धागा उसवून बघावासा वाटतो.

सुरुवात फोटोपासूनच करू. एकाच वस्तूचे, वेगवेगळ्या बाजूंनी, एकामागून एक फोटो निघाले, या गोष्टीतच निम्मं उत्तर आहे. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला हे लगेच पटेल. आपली लोकल भरधाव असते, शेजारच्या रुळावर दुसरी लोकल त्याच दिशेने जवळजवळ त्याच वेगाने धावत असते. तेव्हा पलीकडच्या खिडकीतला माणूस जागच्या जागी बसल्यासारखा दिसतो, त्याच्या हातातल्या वर्तमानपत्राचा मथळाही वाचता येतो. समोरून येणारी गाडी मात्र नुसती धडधडत निघून जाते, तिच्यातला एकही चेहरा धड दिसत नाही.

एन्डेव्हर तेव्हा सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने चाललं होतं आणि त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करत होती. ध्रुवीय कक्षा नव्वद अंशांची. जवळपास सारख्या उंचीवरच्या या दोन वाटा कुठेही एकमेकींना छेदल्या, तरी त्यांच्यातला कोन अडतीस अंशांपेक्षा कमी असू शकत नाही. गणित मांडलं तर एकाला दुसरा सेकंदाला किमान पाच किलोमीटर वेगाने जाताना दिसायला हवा. रायफलच्या गोळीच्या पाचपटीहून जास्त हा वेग! काळा सरदार खरोखर ध्रुवीय कक्षेत असता, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत दिसेनासा झाला असता. पण फोटोतली वस्तू संथपणे कोलांट्या घेत, जवळ रेंगाळत राहिलेली दिसते. म्हणजे ती शेजारच्या रुळावरची लोकल होती. खरं तर आपल्याच डब्यातून पडलेलं काहीतरी होतं.

आणि पडलं होतंच. एन्डेव्हरची ती मोहीम माणसाच्या इतिहासातली एक मोठी घटना होती. २० नोव्हेंबरला रशियन रॉकेटने ‘झार्या’ हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग वर नेला. ४ डिसेंबरला एन्डेव्हर ‘युनिटी’ हा दुसरा भाग पोटात घेऊन निघालं. नॅन्सी करी यांनी यानाच्या यांत्रिक हाताने झार्याला पकडून युनिटीच्या माथ्यावर आणलं, आणि मग जेरी रॉस व जेम्स न्यूमन यांनी तीन स्पेसवॉकमध्ये, एकूण एकवीस तासांहून अधिक काळ बाहेर राहून तारा जोडल्या, आवरासावर केली.

त्या आवराआवरीतलंच एक काम होतं खुंट्या झाकण्याचं. युनिटी यानाच्या पोटात हलू नये म्हणून धातूच्या जाड खुंट्यांवर अडकवलेलं होतं. बाहेर काढल्यावर या खुंट्या उघड्या पडल्या. उघडा धातू सावलीत भराभर उष्णता बाहेर टाकतो, म्हणून प्रत्येक खुंटीवर एक उष्णतारोधक आवरण चढवायचं होतं. त्यातलं एक आवरण निसटलं. आपल्या हातून टोपी पडली तर ती पायाशी सापडते. तिथे पाया नाही, जमीन नाही. हाताबाहेर गेलेली वस्तू सावकाश, थांबवता न येणाऱ्या संथपणाने लांब जाते.

हे आवरण कसं असतं? केसासारख्या पातळ प्लॅस्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा मुलामा, असे अनेक थर एकावर एक, आणि दोन थरांच्या मधे बारीक जाळी. मला त्यात सरळ आपली गोधडी दिसते. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून, धावदोरा घालून शिवलेली. एक फरक मात्र आहे, आणि तो फार सुंदर आहे. आपली गोधडी थरांमधे अडकलेल्या हवेमुळे ऊब देते. अवकाशातल्या गोधडीच्या थरांमधे हवा नसते, काहीच नसतं. तिथे उष्णता प्रवास करते ती प्रामुख्याने किरणांच्या रूपाने, आणि प्रत्येक चकचकीत थर त्यातली बहुतेक उष्णता आल्या वाटेने परत पाठवतो. फोटोतली वस्तू कधी काळी ठिक्कर, कधी चांदीसारखी का दिसते, तेही यातूनच कळतं. चुरगळलेल्या मुलाम्याची बाजू सूर्याकडे वळली की झळकायची, नाहीतर अंधारात जायची.

पुढची गंमत तर मला वर्षानुवर्षं पुरली आहे. चारशे किलोमीटर उंचीवरही अगदी विरळ हवा असते, आणि हलक्या, पसरट गोधडीला ती जड यानापेक्षा जास्त अडवते. अडवलं तर वस्तू मागे पडेल, असं आपलं मन सांगतं. कक्षेत उलट होतं. हवेने अडवलेली वस्तू जरा खाली उतरते, खालची कक्षा छोटी असते आणि तिथे वेगही जास्त असतो, म्हणून ती पुढे निघून जाते. ब्रेक लागल्याने वेग वाढतो! निसटलेली गोधडी अशीच खाली आणि पुढे सरकत गेली. कक्षेतल्या वस्तूंच्या अमेरिकी यादीत तिची नोंदही झाली, क्रमांक २५५७०. थोड्याच दिवसांत ती दाट हवेत शिरून जळून गेली. त्याच विरळ हवेमुळे अंतराळ स्थानकालाही अधूनमधून इंजिनाने वर ढकलावं लागतं. त्या उंचीवर इंजिनाविना तेरा हजार वर्षं टिकणं कोणालाच शक्य नाही.

मग तेरा हजार वर्षं आली कुठून? ध्रुवीय कक्षा कुठून आली? इथे कळतं की ही आख्यायिकाही गोधडीच आहे, वेगवेगळ्या घरांतल्या कापडांच्या ठिगळांची.

नावाचं ठिगळ बहुधा ब्रिटिश असावं. ‘ब्लॅक नाइट’ नावाचं ब्रिटनचं एक रॉकेट १९५८ ते १९६५ या काळात ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून उडत असे. त्याने कक्षेत कधीच काही सोडलं नाही.

ध्रुवीय कक्षेचं ठिगळ फेब्रुवारी १९६०चं. अमेरिकी नौदलाच्या टेहळणी यंत्रणेला आकाशात एक अनोळखी, मुकी वस्तू सापडली. ती रशियाची असेल या धास्तीने वर्तमानपत्रं भरली. काही आठवड्यांत उलगडा झाला की ती अमेरिकेच्याच ‘डिस्कव्हरर’ मालिकेतली हरवलेली कुपी होती. खाली यायच्या ऐवजी उलट्या दिशेने धक्का बसून ती आणखी वर गेली होती. जगाला सांगताना डिस्कव्हरर विज्ञानासाठी होतं, प्रत्यक्षात ते ‘कोरोना’ हे हेरगिरीचं काम होतं. उपग्रह फोटो काढायचा, फिल्म कुपीत घालून खाली सोडायचा, आणि पॅराशूटने उतरणारी ती कुपी विमान हवेतच आकडा टाकून पकडायचं. ध्रुवीय कक्षेत फिरलं की खाली फिरणाऱ्या पृथ्वीचा जवळजवळ प्रत्येक प्रदेश नजरेखाली येतो, म्हणून ती वाट. हे सगळं १९९५मध्ये अधिकृतपणे खुलं झालं. पस्तीस वर्षं सरकारने खरं दडवलं, तर लोकांनी त्या रिकाम्या जागेत परग्रहवासी बसवले. यात लोकांना दोष द्यायला मी तयार नाही.

१८९९मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये निकोला टेस्ला यांना नियमित ठोक्यांसारखे संकेत ऐकू आले, तेही या गोधडीत शिवलेले आहेत. टेस्लांच्या मनात दुसरे ग्रह होते. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह त्यांच्या बोलण्यात नाही.

मला सर्वांत प्रिय ठिगळ नॉर्वेचं. १९२७मध्ये ऑस्लोजवळ योर्गन हाल्स हे अभियंते हॉलंडमधल्या आइंडहोवेन इथलं लघुलहरी केंद्र ऐकत होते. रेडिओलहर पृथ्वीला फेरी मारून परत येते तेव्हा एक प्रतिध्वनी ऐकू येतो, पण त्याला सेकंदाचा सातवा भाग पुरतो. हाल्सना मात्र मूळ संकेतानंतर तब्बल तीन सेकंदांनी प्रतिध्वनी आला. चंद्रापर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला अडीच सेकंद लागतात! ध्रुवप्रकाशाचे अभ्यासक कार्ल स्टॉर्मर यांनी पुढच्या वर्षी मुद्दाम संकेत पाठवायला लावले, तेव्हा काही प्रतिध्वनी दहा सेकंदांहूनही उशिरा आले.

१९६०मध्ये शास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी सुचवलं की परक्या संस्कृतीचं एखादं दूतयान आपल्याजवळ असेल, तर ते आपलाच संकेत थोडा थांबून आपल्याला परत पाठवेल. १९७३मध्ये स्कॉटलंडचे डंकन लुनन यांनी १९२८च्या प्रतिध्वनींचा आलेख काढला, आणि त्यांना त्या ठिपक्यांत भूतप हा तारकासमूह दिसला. त्यातला आपला स्वातीचा तारा मात्र जागेवर नव्हता. स्वाती आकाशात वर्षाला सव्वादोन विकलांच्या वेगाने सरकतो, साधारण आठशे वर्षांत चंद्राच्या रुंदीएवढा. आलेखातल्या जागी तो असायचा तो काळ निघाला तेरा हजार वर्षांपूर्वीचा! हा अर्थ नीट बसत नाही हे दिसल्यावर लुननांनी तो स्वतःच मागे घेतला. त्यांचं यान चंद्राच्या आसपास होतं, ध्रुवीय कक्षेत नव्हतंच. आकडा तेवढा सुटून काळ्या सरदाराला चिकटला.

हाल्सनी ऐकलेले प्रतिध्वनी मात्र कोणी मागे घेतलेले नाहीत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून लांब फिरून येणाऱ्या लहरी, आयनमंडलाच्या थरांत अडकून रेंगाळणाऱ्या लहरी अशी बरीच स्पष्टीकरणं पुढे आली, पण सगळ्या प्रतिध्वनींना पुरेल असं एकही सर्वमान्य झालं नाही. हौशी रेडिओवाल्यांना ते पुढेही अधूनमधून ऐकू आले, ठरवून ऐकायला बसलेल्यांना मात्र क्वचितच. मे महिन्यात रात्री नवाच्या सुमारास गच्चीवर गेलं की स्वाती उंच, नारिंगी दिसतो. कधी कधी त्याच सुमारास अंतराळ स्थानक युनिटी आणि झार्याला घेऊन पाच मिनिटांत आकाश ओलांडून जातं. मी ते दिसेनासं होईपर्यंत बघतो आणि मनातल्या मनात मोजतो, एक, दोन, तीन.