मोटरहोमचे ब्रेक: दुरुस्त करायचे की सरळ बदलायचे?

यूट्यूबवर अमेरिकेतल्या मोटरहोमचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. बसएवढी गाडी, आत बेड, किचन, बाथरूम. पेट्रोलवर चालणाऱ्या अशा बऱ्याच गाड्या फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधतात. सगळ्यात दणकट चासीला सामानासकट २६,००० पौंड, म्हणजे जवळपास पावणेबारा टन वजनाची परवानगी असते. आणि हे सगळं थांबवायचं ते कारसारख्याच हायड्रॉलिक ब्रेकने.

गंमत म्हणजे हे ब्रेक अनेकदा चालून नाही, उभं राहून खराब होतात. वर्षातून दोन-चार ट्रिपा, बाकी गाडी पार्किंगमध्ये. त्यामुळे सेकंड हँड जाहिरातीतलं 'खूप कमी चाललेली' वाचून लगेच खूश होऊ नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. लांब घाट उतरताना ते उकळलं तर वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं.

आता पार्ट्स. पॅडला डिस्कवर दाबतो तो कॅलिपर. त्याचा पिस्टन अडकला की चाक घासत राहतं, तापतं. फक्त रबरी सील कडक झालं असेल तर सील किट टाकून काम होतं. पण पिस्टनवर किंवा सीलच्या खाचेत गंजाचे खड्डे दिसले तर कॅलिपरच बदला. तिकडे रीकंडिशन केलेला मिळतो. जुना परत दिला की डिपॉझिटही परत.

पण थांबा, आधी डीबगिंग! ब्रेकचा रबरी होज आतून फुगला तरी चाक असंच घासतं, कारण दाबाने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. लोक कॅलिपर बदलतात आणि त्रास तसाच. चाक जाम असताना मेकॅनिकने कॅलिपरचा ब्लीडर किंचित सैल करावा. चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, संशयित होज. नाहीच झालं तर कॅलिपर किंवा त्याच्या पिना. होज दुरुस्त करायचाच नसतो, नवीनच टाकायचा.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासून सारखी करताना त्याखाली जात असेल तर नवीन घ्या. आणि पॅड, डिस्क एकाच चाकाचे बदलू नका. एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकदम, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.