शाई भरलेली, तरी प्रिंटर म्हणतो संपली!

मोहर्लीच्या एका रिसॉर्टसाठी ताडोबातल्या वाघिणीचा मोठा प्रिंट काढत होतो. प्रिंटर अडून बसला: 'कार्ट्रिज ओळखता येत नाही.' शाई नवीकोरी होती, फक्त प्रिंटरच्या कंपनीची नव्हती.

सगळी मेख कार्ट्रिजवरच्या नखाएवढ्या चिपमध्ये. बऱ्याच मॉडेलांत शाई प्रत्यक्ष मोजली जात नाही. किती थेंब उडाले याचा अंदाज चिपवर नोंदला जातो. हिशेब संपला की तळाशी शाई असली तरी कार्ट्रिज 'रिकामं'!

त्यात फर्मवेअर (प्रिंटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट. काल चाललेली बाहेरच्या कंपनीची चिप आज नाकारली जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या कित्येक ग्राहकांनी हे अनुभवलं. गंमत म्हणजे २०२२ मध्ये चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कॅननने काही टोनर बिनचिपचे विकले आणि चिप नसल्याने येणारा इशारा कसा टाळायचा हेही स्वतःच सांगितलं.

पण म्हणून बाहेरची कुठलीही शाई ओता असं मी म्हणणार नाही. स्वस्त डाय शाई उन्हात लवकर उडते. भिंतीवर टिकवायचं तर पिगमेंटच हवी. शाई बदलली की त्या शाई-कागदाचं आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवणारी फाइल) नव्याने बनवावं लागतं, नाहीतर बांबूचा हिरवा निळसर पडतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात मशीन बंद राहिलं तर नोझल सुकतात, ते वेगळंच.

चिप नाकारली जाऊ नये म्हणून मी प्रिंटरचं ऑटो-अपडेट बंद ठेवतो. नवीन घेणाऱ्यांनी बाटलीने शाई भरायचे टँक प्रिंटर आधी बघावेत.

गडचिरोली-चंद्रपूरकडे कोणी प्रिंट काढत असेल, तर मॉडेल आणि कागद सांगून बिनधास्त विचारा.