रीडिंग जुळत नाहीये? स्क्रूला लगेच हात लावू नका

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा उभारली जातेय. तिथे 4 किलोमीटर भुजांच्या लांबीतला प्रोटॉनहूनही लहान फरक मोजायचाय. पहिला प्रश्न एकच: फरक खरा, की यंत्राचा? हाच प्रश्न एका साध्या उदाहरणात बघू.

समजा, प्रोग्रेसिव्ह प्रेसवर भरलेल्या काडतुसांची एकूण लांबी कमी-जास्त येतेय. गोळी जास्त आत गेली तर आतली जागा घटते, दाब धोकादायक वाढू शकतो. तरीही सेटिंग बदलण्याआधी तीन गोष्टी तपासा.

1. मोजमाप: एकच काडतूस कॅलिपरने दहा वेळा मोजा. आकडे इथेच हलतायत का?

2. गोळी: गोळी बसवणारा दांडा सहसा टोकाखालच्या उतारावर दाबतो, कॅलिपर मात्र टोकापर्यंत मोजतो. टोकं असमान असली, तर गोळी नीट बसूनही लांबी वेगळी दिसते.

3. प्रेस: हँडल एकदा ओढलं की सगळी स्टेशनं एकदम काम करतात. प्लेट अर्धी रिकामी असली की भार बदलतो, ती किंचित कलते. म्हणून सुरुवातीची आणि शेवटची काडतुसं वेगळी मोजा.

फरक निव्वळ योगायोगाचा असेल आणि तुम्ही दर वेळी स्क्रू फिरवत बसलात, तर विखुरलेपणा उलट वाढतो. तुमच्या प्रयोगातही तसंच. आधी कारण शोधा, मग स्क्रू फिरवा.